गयेच्या आधी कलकत्ता

"ज्यांना व्हिक्टोरिया बघायचंय त्यांनी बसमध्ये बसा! ज्यांना बघायचं नाही त्यांनीही बसा, वाटेत मन बदलतं!"

आमच्या यात्रा कंपनीचे मॅनेजर पाटणकर धर्मशाळेच्या अंगणात शिट्टी फुंकत उभे होते. कलकत्त्याची डिसेंबरातली सकाळ, अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी. आदल्या संध्याकाळीच त्यांनी आम्हा सगळ्यांना दिवस समजावून दिला होता. आधी कालीमाता, मग व्हिक्टोरिया राणीचा महाल, मग म्युझियम, दुपारी जेवायला परत धर्मशाळेत आणि ऊन उतरलं की हावड्याचा पूल. जेवण म्हणजे कोल्हापुराहून सोबत आलेले स्वयंपाकी महाराज आणि त्यांचं वरण. आमच्या यात्रेत गाव बदलायचं, वरण बदलायचं नाही. लोकांना त्याचंच कौतुक. "कलकत्त्यातसुद्धा अगदी घरच्यासारखं!" असं एकमेकांना सांगत ते भातावर तूप घ्यायचे.

मी मोजे चढवून तयार होते. मला व्हिक्टोरिया बघायचंच होतं. एका वर्षी तेलवाल्याने दिलेल्या कॅलेंडरावर ते चित्र होतं, पांढरंशुभ्र, पुढे तळं. वर्ष संपलं तरी मी ते पान काढलं नव्हतं.

"मी येवचंय नाय," सासूबाई म्हणाल्या. वळकटीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. "माझो गुडघो धरलो हा."

"आई, काल तर दोन जिने चढलीस!" मालनताई म्हणाल्या. मालनताई त्यांची मोठी मुलगी, माझी नणंद. लग्नानंतर कोल्हापुरात राहून त्यांची बोली घाटावरची झाली होती.

"म्हणानच धरलो."

"मग एकटी कशी राहशील इथे?"

"वासंती रवतली माझ्यावांगडा."

वासंती म्हणजे मी. मी मोजे काढले. सासूबाईंना घरात आणि अख्ख्या वाडीत सगळे आये म्हणायचे, आणि आयेने एकदा ठरवलं की त्याच्यावर चर्चा नसायची. मालनताईंनी मला बाजूला घेऊन आयेचं औषध कुठल्या पिशवीत आहे ते सांगितलं आणि त्या बसमध्ये चढल्या.

बस फाटकातून वळून दिसेनाशी झाली. आये उठली. पदर कमरेला खोचला, चपला शोधल्या.

"गुडघो?" मी विचारलं.

"तो गेलो बसीतसून. चल."

"खय?"

"मासो खाऊक."

मी जिथल्या तिथे उभी राहिले. कारण माझ्या माशांचा निकाल दोन दिवसांनी गयेला लागायचा होता.

आमची वेंगुर्ल्याला एस. टी. स्टँडच्या पाठीमागे खानावळ. माझे यजमान दिगंबर काविळीने गेले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचा पिंड गयेला ठेवावा म्हणून मालनताईंनी आणि त्यांच्या यजमानांनी आम्हा दोघींना या यात्रेत आणलं होतं. गयेला पिंड ठेवून झाला की वडाखाली पंड्यासमोर, म्हणजे तिथल्या भटजींसमोर, बसून प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडायचा, ही जुनी रीत. हावड्याला येणाऱ्या गाडीत सगळ्या डब्याचा तोच विषय. एका काकांनी रामफळ सोडायचं ठरवलं होतं. त्यांच्या बायकोने सगळ्यांदेखत सांगितलं की यांनी रामफळ आयुष्यात दोनदा खाल्लं असेल, तेही कुणी फुकट दिलं म्हणून. एक बाई कारलं सोडणार होत्या. एक गृहस्थ दारू सोडतो म्हणाले, तर पाटणकर म्हणाले, "ती गयेची वाट कशाला बघतेय? आत्ताच सोडा, माझ्याकडे द्या." सगळा डबा हसला.

हसणं ओसरत असताना मालनताई सहज म्हणाल्या, "आमची वासंती मासे सोडेल. बाबा गेले तेव्हा आईने सोडले तसेच."

"शोभेल हो," कारलंवाल्या बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, फार कौतुकाने. आये खिडकीबाहेर बघत होती. ती काही बोलली नाही, म्हणून मीही बोलले नाही.

आता बोलायचं तरी काय? आमच्या खानावळीत मासे सोडलेली आये वासावर रांधायची आणि मी चव घेऊन सांगायचे. एक नाक, एक जीभ, अशी आमची भागीदारी. मी सोडले असते तर खानावळ दोन नाकांवर चालली असती. पण हे डब्यात सांगितलं असतं तर, बघा, नवऱ्यासाठी हिला जीभ सोडवत नाही, असंच ऐकू गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर खानावळ ही सबब. मला मासे आवडायचे. बांगड्याच्या तिखल्याचा वास आला की तापातून उठून बसणारी बाई मी. माझं वय तेव्हा बत्तीस. पुढे केवढं तरी आयुष्य पडलं होतं आणि ते सगळं मला वरणासारखं पिवळं दिसायला लागलं होतं.

त्यामुळे आये मासा खायला चल म्हणाली तेव्हा मला वाटलं, शेवटचा मासा खायला घालतेय. फाशी द्यायच्या आधी विचारतात तसं.

रस्त्याच्या मधोमध रुळांवरून घंटा वाजवत ट्राम आली. आयेने एस. टी.ला करतात तसा हात केला. ट्राम थांबलीही. आत कंडक्टरने बंगालीत काहीतरी विचारलं.

"मासो," आये म्हणाली आणि हाताचा पंजा हवेतून सळसळत नेला.

"माछ?"

"ताच."

कंडक्टरने दोन बोटांनी उतरायची जागा दाखवली. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने पेपर खाली ठेवला आणि मान हलवली. कंडक्टर चुकत होता. तिसऱ्या एका गृहस्थाच्या मते दोघेही चुकत होते. आमचा मासा कुठल्या बाजारात मिळावा यावरून अर्ध्या ट्रामचं कडाक्याचं भांडण लागलं, आणि आम्ही दोघी खिडकीतून शहर बघत बसलो. हिरव्या झडपांची, पोपडे सुटलेली उंच घरं गेली. माणसाने ओढायची रिक्षा गेली, तिच्यात एक जाडजूड बाई छत्री उघडून बसली होती. मैदानात शेरडं चरत होती. आणि लांब, झाडांच्या वर, एक पांढरा घुमट दिसला.

"आये, ता व्हिक्टोरिया!"

आयेने मान वाकडी करून बघितलं. "बरा हा," म्हणाली. "पण थय कोण रवता?"

"कोण नाय. राणीच्या नावान बांदलेला."

"मगे जेवणय नसतला थय." तिच्यापुरता व्हिक्टोरियाचा विषय संपला.

शेवटी म्हाताऱ्याचं म्हणणं खरं ठरलं असावं, कारण त्यानेच आम्हाला उतरवलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडलं. बाजार ओला, घसरडा, आवाजाने भरलेला. आणि ओळीने बाप्ये बसलेले, प्रत्येकाच्या पायाखाली उभ्या पात्याची विळी. मोठाले मासे दोन्ही हातांनी धरून त्या पात्यावर ओढत होते.

"अडाळो!" आये ओरडली. आमच्याकडे त्या विळीला अडाळो म्हणतात. "वासंती, बग गो, अडाळ्यार कापतत!" घर सोडल्यापासून इतकी खूश मी तिला पाहिली नव्हती. ती एकासमोर उकिडवी बसली, एका माशाचा कल्ला बोटाने वर करून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "गोड्या पाण्यातलो. चिखलाचो वास येतलो. पण ताजो हा."

कोळी बंगालीत मासा किती चांगला आहे ते सांगत राहिला, आये मालवणीत किती वाईट आहे ते सांगत राहिली. दोघांचं छान जमलं. मग तिने घास तोंडात घालायची खूण केली. त्याने ओल्या हाताने समोरचं हॉटेल दाखवलं.

हॉटेल म्हणजे एक लांबट खोली. संगमरवरी टेबलं, भिंतीवर खडूने लिहिलेली फळी, आणि मान खाली घालून जेवणारे पुरुष. बाई एक नाही. आम्ही कोपऱ्यात बसलो. वाढपी आला, साठीचा, गंजीफ्रॉक घातलेला. त्याने आयेचं बिनकाठाचं लुगडं पाहिलं. तिचं कपाळ पाहिलं. मग माझं कपाळ पाहिलं. दोन पानं मांडली, मीठ-लिंबू ठेवलं. भात वाढला, डाळ वाढली, कडसर भाजी वाढली, वांग्याचे तळलेले काप वाढले. हात जोडून नमस्कार केला आणि निघून गेला.

आम्ही वाट बघत राहिलो. आजूबाजूच्या प्रत्येक पानावर मासा होता.

"रे बाबा!" आयेने हाक मारली. "मासो!"

तो लगबगीने आला, स्वतःच्या कानाच्या पाळ्या धरल्या. "ना मा, ना. निरामिष, निरामिष." आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून आणखी डाळ वाढली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे आयेने मासे सोडले होते. इथे नवरा गेलेल्या बायकांनी सोडले की नाही हे त्यांना विचारायचीही गरज नव्हती, कपाळ बघून पान ठरत होतं. ज्याला आमचं नाव-गाव ठाऊक नाही त्या माणसाने आमचं जेवण ठरवून टाकलं होतं, आणि तेही किती आदराने! गाडीतल्या डब्यात बघत होते ना माझ्याकडे, अगदी तसंच.

"ह्या माझा चेडू," आये माझ्याकडे बोट करून म्हणाली. चेडू म्हणजे मुलगी. तिने मला सून म्हटलं नाही. "तेका मासो दी."

वाढप्याने आवाज खाली आणला. "बिधोबा?"

एवढं एक बंगाली आम्हाला कळलं. शेजारच्या टेबलावरचे हात थांबले.

"होय, दोघीय," आये म्हणाली. "मगे? तुमच्याहय काय लोक कपाळान जेवतत?"

त्याला शब्द कळले नसणार, पण सूर कळला. तरी तो हलेना. आयेकडे नाही, तो माझ्याकडे बघत उभा राहिला. आयेही माझ्याकडे बघत होती. माझ्या लक्षात आलं, गुडघा धरून, ट्राम थांबवून तिने मला इथपर्यंत आणलंय. इथून पुढे तिला येता येत नाही.

मी हात लांब केला आणि शेजारच्या माणसाच्या पानाला बोट लावलं. त्या बिचाऱ्याने तोंडात घास तसाच ठेवून पान आपल्याकडे ओढलं.

"हा," मी म्हणाले. "मला हा पाहिजे. माछ." आवाज माझा वाटत नव्हता, कोणातरी भांडखोर बाईचा वाटत होता.

तो माणूस आधी दचकला, मग हसला, मग वाढप्याला काहीतरी म्हणाला. वाढपी पुटपुटत आत गेला आणि वाटी घेऊन आला. पिवळ्याजर्द सारात अख्खा मासा, वर उभी चिरलेली हिरवी मिरची.

पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. रडू नव्हे, मोहरी. नाकातून थेट मेंदूत गेली. शेजारचा माणूस अशी मान डोलवत होता, जसं काही त्यानेच रांधलंय.

आये पुढे वाकली. "काय काय हा?"

"राय. वाटलेली. हळद. वरसून कच्चा तेल."

"खोबरा?"

"नाय."

"कोकम?"

"नाय."

"मगे ह्येंचा चलता कसा?"

"चलता. बरा लागता, आये."

"चिखल?"

"चिखल नाय."

तिचा चेहरा थोडा पडला. गोड्या पाण्याच्या माशाने तिचं ऐकलं नव्हतं. मी आणखी दोन घास खाल्ले आणि वाटी बाजूला सारली.

"आये, शेवटचा म्हणान खावक घातलास?"

"कसला शेवटचा?"

"गयेक मालनताई..."

आयेने पानावरचा भात बाजूला सारला. "आयक," ती म्हणाली. "मासे मी सोडूक नाय. माझ्या नणदेन सोडल्यान."

"म्हणजे?"

"मी फणस सोडूचो ठरवलेलंय. नाव ओठार तयार. पंड्यान इचारल्यान, आणि माझा तोंड उघडूच्या आदी ती सांगून मोकळी. हिचे मासे म्हणान. तेना पाणी सोडल्यान. झाला. तेव्हापासून वासार रांदतंय."

इतकी वर्षं मी तिच्या शेजारी चुलीपाशी उभी होते. आये ताटात फक्त भात आणि ताक घेऊन बसायची तेव्हा मला वाटायचं, केवढं मन मारलंय या बाईने. मारलेलं मन तिचं होतं, मारणारी दुसरीच होती.

"तुमी तेव्हा बोलाक कित्याक नाय?"

"लाजलंय," आये म्हणाली. "मालन वायट नाय हा. तिका वाटता, ह्याच बरा. माझ्या नणदेकय तसाच वाटला आसतला. म्हणान तुका सांगतंय. थय पंडो इचारतलो तेव्हा वाट बगू नको. कोण बोलूच्या आदी तू बोल. मोठ्यान."

"काय सांगू?"

"ता तुझा तू बग." तिने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला. "पण रामफळ सांगू नको. लबाडी नको. दिगू माझो झील होतो."

झील म्हणजे मुलगा. पोटचा. ते गेल्यानंतरच्या दोन वर्षांत तिच्या तोंडून त्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

मी वाढप्याला हाक मारून दुसरा मासा मागितला. या वेळी त्याने माझं कपाळ बघितलं नाही, पान बघितलं, आणि मोठासा तुकडा वाढला.

आम्ही परतलो, वळकटीला टेकलो आणि थोड्या वेळाने बस आली. मालनताई उत्साहात होत्या. व्हिक्टोरिया फार मोठं आहे, फरशी थंड आहे, आत सगळ्या गोऱ्यांच्या तसबिरी आहेत. मग त्या थबकल्या, नाक वर केलं.

"हा वास कसला?"

"गुडघ्याक रायचा तेल लावलंय," आये म्हणाली.

"बरं वाटलं का?"

"तर! चलाक लागलंय."

मी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

गयेला मालनताईंच्या यजमानांनी पिंड ठेवले. दिगंबरांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, वर जाणारी सगळी नावं. मग आम्ही वडाखाली ओळीने बसलो. पंडा एकेकासमोर येऊन विचारायचा, हातावर पाणी घालायचा, पुढे जायचा. रामफळ सुटलं. कारलं सुटलं. दारू सोडणाऱ्या गृहस्थांनी ऐनवेळी पडवळ सोडलं.

पंडा माझ्यासमोर आला. या लोकांना सगळ्यांच्या भाषा थोड्या थोड्या येतात. "बोला बाई, काय सोडणार?"

शेजारी मालनताईंनी श्वास घेतलेला मला कळला. बोलायला म्हणून त्यांचा शालीतला हात वर झाला.

"आंबा!" मी ओरडले. खरंच ओरडले. पलीकडच्या तेलुगू मंडळींनी वळून पाहिलं.

"कुठला गं?" कारलंवाल्या बाईंनी घाबरून विचारलं.

"सगळा. हापूस, पायरी, रायवळ. लोणचंसुद्धा."

वेंगुर्ल्याची बाई आंबा सोडते म्हणते, तिला 'आणखी काही' म्हणायची सोय नसते. मी लबाडी केली नव्हती. आंबा कापला की दिगंबर दोन्ही फोडी माझ्याकडे सरकवायचे आणि बाठा स्वतः घ्यायचे. बाठ्यालाच खरी चव असते, तुला कळत नाही, म्हणायचे. ते गेल्यानंतरच्या दोन्ही उन्हाळ्यांत मी आंबा कापून बसले होते आणि बाठ्याचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं. आज इतकी वर्षं झाली, मे महिन्यात घर आंब्यांनी भरतं, मी हात लावत नाही. तो त्यांचा आहे.

मालनताईंनी धरलेला श्वास सोडला. त्यांना त्यांचा भाऊ माहीत होता. त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. पंड्याने माझ्या ओंजळीत पाणी घातलं.

मग त्याने रीत म्हणून आयेकडे बघितलं. "माताजी, आप?"

"मी सोडूक येवक नाय," आये म्हणाली. "ठेवलेला परत न्हेवक इलंय."

पंड्याला कळेना. त्याने पाटणकरांकडे बघितलं. पाटणकरांनी टोपी मागे सारली. "ये बोलती हैं, इनका कुछ सामान इधर है."

"सामान?"

"मासे," आये म्हणाली. "मागच्या खेपेक हयच रवले."

पाटणकरांनी शक्य तेवढं समजावलं. पंडा हसला, मान हलवली. सोडलेलं परत मिळत नाही, माताजी.

"मी सोडूकच नाय! दुसऱ्या बाईन सोडल्यान, मी गप रवलंय. चुकान इलेला परत देवक तुमचा काय जाता? तुमी काय मासे खातास?"

याचं भाषांतर करायला पाटणकरांनी साफ नकार दिला. आये ओंजळ पुढे करून बसून राहिली. मागे माणसं खोळंबली होती, तेलुगू मंडळींचा पंडा खाकरत होता. आमच्या पंड्याने एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा त्या ओंजळीकडे. मग पळीभर पाणी घातलं आणि हात झटकला. "ले जाओ, माताजी."

आयेने ते पाणी जमिनीवर सोडलं नाही, पिऊन टाकलं.

"आई!" मालनताईंचा आवाज फाटला. "या वयात? अगं, लोक काय म्हणतील?"

आये माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. पदराला हात पुसले.

"लोक आपल्याकडेच जेवतत गो," ती म्हणाली. "काय म्हणूचा ता जेवल्यार म्हणांदेत."